रात्रीची खाज रक्त बिघडल्यामुळे सुटत नाही

इसब असलेल्यांच्या घरांतून एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रात्री खाज सुटून झोप मोडते, कारण रक्त अशुद्ध झालंय. दूध, वांगं, आंबट बंद करा. झोपण्याआधी कडुलिंबाचा पाला घालून कडकडीत पाण्याने आंघोळ करा. अंगाला काही फासू नका, कातडीला श्वास घेऊ द्या. अगदीच असह्य झालं तर सिट्रिझिन घ्या, पण स्टेरॉइडच्या मलमाला हात लावू नका. २१ दिवसांत इसब मुळासकट जाईल.

मला लहानपणापासून इसब आहे. हा मेसेज लोक काळजीपोटीच पाठवतात, पण त्यातल्या बहुतेक सल्ल्यांनी रात्र आणखी खराब होते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी रक्ताचं. इसबात कातडीचा वरचा थर कमकुवत असतो आणि त्याखाली सूज असते. हा थर बांधणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन काहींमध्ये जन्मापासूनच कमी असतं; त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध 2006 साली पुढे आला. मग रात्रीच का? झोपेची वेळ आली की शरीर आतली उष्णता कातडीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे कातडी तापते. तिच्यातून पाणीही रात्री जास्त उडतं. सूज आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. त्यात दिवे मालवले की मन दुसरीकडे गुंतवायला काही उरत नाही. रक्त शुद्ध करणारा काढा यातलं काहीच बदलत नाही.

कडकडीत पाण्याचा मोह मला चांगला कळतो. गुडघ्याच्या मागच्या लवणीवर गरम पाणी ओतलं की क्षणभर खाजवल्यापेक्षाही बरं वाटतं. पण त्या पाण्याने कातडीतला उरलासुरला स्निग्धांश धुऊन जातो, अंग तापतं, आणि गादीवर पडेपर्यंत खाज दुपटीने परत येते. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बस्स. कडुलिंब कुणाला सोसतो, कुणाला फुटलेल्या कातडीवर झोंबतो; झोंबत असेल तर तो थांबवायचाच.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘काही लावू नका’ हा सल्ला. जिच्यातलं पाणी टिकत नाही ती कातडी उघडी ठेवून तिला काय मिळणार? आंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात ती चिकट होते, तेव्हा क्रीम बरं. विदर्भातल्या कोरड्या थंडीत जेलीच हवी. आणि हात सैल सोडा. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलोसुद्धा लागू शकतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरवली तर गुण येत नाही, आणि मग दोष औषधाला दिला जातो.

स्टेरॉइडची भीती मात्र हवेतून आलेली नाही. नायट्यावर किंवा गोरं होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी आपल्याकडे कितीतरी चेहरे लाल, पातळ झालेत आणि नायटे चिवट झालेत. ते मलम कुणीही, कुठेही, कितीही दिवस लावलं, हा त्यातला दोष. डॉक्टरांनी इसबासाठी जागा पाहून ठरावीक ताकदीचं मलम ठरावीक दिवस दिलं, तर ते या आजाराचं मुख्य औषध आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा: साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरेल. घाबरत घाबरत नुसतं बोट फिरवायचं आणि दोन दिवसांत सोडून द्यायचं, अशाने सूज राहते, खाज राहते, झोप लागत नाही.

सिट्रिझिन अंगावर पित्त उठतं तेव्हा उपयोगी पडतं, कारण ती खाज हिस्टामिन या रसायनाची असते आणि ही गोळी तेच रोखते. इसबाची खाज बहुतांशी वेगळ्या रसायनांची. गोळीने फार तर थोडी गुंगी येईल, पण झोपेतही नखं चालतच राहतील.

पथ्याबद्दल एवढंच: एखादा पदार्थ खाऊन तासाभरात अंगावर उठत असेल तर तपासणी करा. निव्वळ ऐकीव गोष्टीवरून वाढत्या मुलाचं दूध तोडू नका.

२१ दिवसांचा दावा पटतो, कारण इसब आपणहूनही चढतो-उतरतो. उतरला की श्रेय पाल्याला. डॉक्टरांकडे गेलात की फक्त चट्टे दाखवू नका, आठवड्यातल्या किती रात्री झोप मोडते तेही सांगा. मलमांनी भागत नसेल तर प्रकाशोपचार आहेत, इंजेक्शनं आहेत. उपचार निवडताना झोपेची ही माहिती लागते.

आणि मेसेजमध्ये अजिबात नसलेली एक गोष्ट. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच रात्री खाज सुटू लागली, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती पुटकुळ्या दिसल्या, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने पर्मेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच रात्री लावायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा. नाहीतर एकाची बरी होते आणि दुसऱ्याकडून परत लागते.