सोलापुरात कोण येतंय?

परवा रात्री आमच्या होमस्टेचा पहिलावहिला रिव्ह्यू आला. पाचपैकी तीन स्टार. "रूम ठीक. पाणी जपून वापरावं लागतं. पण खालचे काका भारी आहेत, त्यांच्यासाठी तरी एकदा जाच."

खालचे काका!! ज्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये याच होमस्टेला सगळ्यात जास्त विरोध केला ते. गाद्या नवीन मी घेतल्या, गिझर मी बसवला, खिडकीला पडदे पाहिजेत म्हणून बायकोची बोलणी मी खाल्ली, आणि भारी कोण तर काका.

झालं असं की आमच्या समोरचा वडलांचा टू बीएचके रिकामाच होता, लेकीनं फोटो काढून ॲपवर टाकला. लगेच कमिटीनं महिन्याला दोन हजार मागितले. मी १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय प्रिंट मारून नेला, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्या फ्लॅटचे जादा पैसे) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. आमचे सर्व्हिस चार्जेस साडेसहाशे. म्हणजे पासष्ट रुपये. खजिनदारांनी तीनदा कॅल्क्युलेटर दाबून बघितला, तिन्ही वेळा पासष्टच आले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

मग काका उठले. काका एसटीत कंट्रोलर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण आवाज अजून स्टँडवरचाच आहे.

"सोलापुरात कोण येतंय ओ? काय बघायचंय इथं?"

"कोणी येणारच नसेल तर मग विरोध कशाला काका?"

"आणि आलं तर?"

याला काय उत्तर देणार? मी गप्प बसलो, तर त्यांना चेव चढला. "उद्या चीनचा माणूस आला तर?" सगळे हसले, पण काका बरोबर होते, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं घर इथंच आहे, आता स्मारक आहे तिथं, आणि चीनची माणसं ते बघायला खरंच येतात. मी म्हटलं, फॉरेनर आला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा ऑनलाईन फॉर्म भरायचा असतो, मी भरीन. काका म्हणाले, फॉर्मचं तुम्ही बघा, त्याला कडक भाकरी चावंल का ते सांगा. मिनिट्समध्ये हा प्रश्न लिहिलेला आहे, सही-शिक्क्यासकट.

नियमांचं तर विचारूच नका. केंद्राची ती निवास-न्याहारी योजना वाचली, त्यात मालकानं सहकुटुंब त्याच घरात राहायला पाहिजे. आता मी समोरच्या दारात राहतो हे त्याच घरात धरायचं का नाही? विचारायला एका ऑफिसात गेलो, तिथनं दुसरीकडे पाठवलं, तिथले साहेब म्हणाले आधी सोसायटीचं नाहरकत आणा, आणि सोसायटी म्हणते आधी तिकडचं रजिस्ट्रेशन दाखवा. महिनाभर मी असा हेलपाटे घालत होतो, तोवर ॲपवर पुण्याच्या जोडप्याचं बुकिंग येऊन पडलं पण.

रात्री वंदे भारतनं आले, अकरा वाजून गेले होते. मी किल्ली घेऊन जिना उतरतोय तर गेटवर बनियन-लुंगीत काका.

"कुठनं आलाव?"

"पुण्याहून."

"जायचं कुठं?"

"तुळजापूर."

"मग इथं का उतरलाव?" (हा सवयीचा प्रश्न, तीस वर्षं हाच विचारलाय त्यांनी.)

"उद्या सकाळी जाणार. मग अक्कलकोट, मग पंढरपूर."

"म्हणजे सोलापूर काय नुसतं झोपायला?"

बिचारी पोरगी म्हणाली, इथं बघण्यासारखं काही आहे का? आणि ज्या माणसानं मीटिंगमध्ये काय बघायचंय म्हणून टेबल आपटलं होतं तो माणूस सुरू झाला की ओ. सिद्धरामेश्वरांचं तळ्यातलं देऊळ, संक्रांतीची गड्डा यात्रा, नंदीध्वज केवढे उंच, भुईकोट किल्ला, नान्नजचा माळढोक ("दिसत नाही तो, पण जाऊन यायचं"), महापालिकेची इंद्रभुवनची इमारत, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे. चौघांची नावं सांगताना आवाज जरा बसला त्यांचा. मी किल्ली हातात घेऊन उभा, पोरगा सुटकेसवर बसलेला, कुणाचं माझ्याकडं लक्ष नाही.

मध्येच थांबून, "तुम्ही एकमेकांचे कोण?"

"नवरा-बायको."

"किती वर्षं?"

"दोन."

"मग ठीकाय. वर जावा. सकाळी सहाला खाली या, तुळजापूरची गाडी मी बसवून देतो."

सहाला गाडीत बसवलं नाहीच. आधी देवळात नेलं, मग चादरीच्या दुकानात, मग शेंगाचटणी घ्यायला, कुठली चांगली यावर दुकानदाराशी वाद घालून. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, पोचले दुपारी दोनला. तरी खूश!

आणि पाण्याचं मात्र माझ्या नावावर. इथं नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येतं हे मी लिस्टिंगमध्ये लिहिलं नव्हतं, कबूल आहे. पण लिहिलं असतं तर आलं असतं का कोणी? उजनीतनं एवढ्या लांबून पाणी आणायचं आणि ते आमच्या टाकीत चौथ्या दिवशी पडायचं, पुण्यातली माणसं दोन-दोन वेळा शॉवर घेणार, आणि स्टार माझे कापले जाणार. पर्यटन वाढवा म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांनी एकदा येऊन आमच्या बाथरूममधली पिंपं मोजावीत.

रिव्ह्यू काकांना दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, पण लेकीनं दाखवलाच. दोनदा वाचला त्यांनी. म्हणाले, तीन म्हणजे कमीच की, रूमकडं जरा लक्ष द्या.

काल नवीन रिक्वेस्ट आलीये, नाशिकची फॅमिली, चौघं. खाली विचारलंय, त्या तारखेला काका असतील ना? काका लेकीकडं लातूरला जाणार होते, ते आता पुढं ढकललंय. आणि आज सकाळी नोटीस बोर्डावर कमिटीची नोटीस, होमस्टेच्या पाहुण्यांनी लिफ्ट वापरू नये. खाली पहिली सही काकांची.