चोचले? गिरणाकाठच्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आज सकाळी भाकऱ्या टाकता टाकता परत वाचली आणि दुपारी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, सोडून दे. सोडता आलं असतं तर दुपारची झोप घालवून इथे लिहीत बसले नसते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या रात्रीच्या झोपेवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर 'गिरणाकाठ' या नावाने एका वाचकाने चार मुद्दे मांडले. पहिला त्यांच्याच शब्दांत: "वेगळी खोली, अंधार, शांतता, हे मोठ्या घरातल्या बायकांचे चोचले आहेत, बाई. एका खोलीत सहा माणसं निजतात त्यांनी काय करायचं?" दुसरा असा की जड गोधडीने झोप लागते हे मी लिहिलं, ते तपासणीत टिकलेलं नाही. तिसरा, डॉक्टरकडे कधी जायचं आणि औषधाचं काय, हे मी एका ओळीत उरकलं. चौथा माझ्या मोठ्या मुलीबद्दलचा. लेखात ती एकदाच येते, मग "ती कुठे झोपत होती?"

गोधडीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये 67 स्वमग्न मुलांवर झालेली चाचणी 2014 साली छापून आली. जड पांघरुणाने मुलं जास्त वेळ झोपली नाहीत, लवकर झोपली नाहीत, रात्री कमी वेळा उठली असंही दिसलं नाही. लेखातली ती ओळ मी आज बदलली. मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच चाचणीत मुलांना आणि आईबापांना साध्या पांघरुणापेक्षा जडच जास्त आवडलं होतं. माझ्या पोराला आवडायचं म्हणून मी लिहिलं. आणि भुसावळच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर गेलेला असताना, जड गोधडी घ्या असा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही. असो. चूक ती चूक.

आता चोचले.

लेखात मी 'शक्य असल्यास वेगळी खोली' असं लिहिलं होतं. 'शक्य असल्यास' हे दोन शब्द तुम्ही गाळलेत आणि मग उरलेल्या दोनांवर माझं घर मोजलंत. तर घर सांगते. 2011 साली आम्ही भुसावळला रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, मुलगी, मुलगा आणि स्पर्धा परीक्षा देणारे धाकटे दीर. मोजा. तुमच्या सहापेक्षा एक जास्तच भरतो. यजमान रनिंग ड्यूटीवर, गाडीबरोबर जाण्याचं काम, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या लॉबीतून रात्री दोनलाही फोन यायचा आणि बॅग उचलून निघायचं. दिरांची ट्यूबलाइट एक वाजेपर्यंत जळायची. सासऱ्यांचा खोकला होता. मागे यार्डात रात्रभर शंटिंग चालायचं.

मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. नऊला अंथरुणावर घातला की साडेबारापर्यंत उताणा पडून तळहाताने भिंत थोपटत राहायचा. मग तीनला उठायचा आणि कुकरचं झाकण फरशीवर भिंगरीसारखं फिरवायचा. त्या आवाजाने क्वार्टरची सगळी लाइन जागी व्हायची. शेजारच्या एका बाईंनी दृष्ट काढायला सांगितली, ती काढली. पोराला अफूची बोंडं उकळून पाजा, असंही एका म्हाताऱ्याने सुचवलं होतं. ते अर्थातच केलं नाही. सासूबाई रोज सकाळी एकच विचारायच्या, "जपना का पोऱ्या?" म्हणजे झोपला का पोरगा, आणि मी नाही म्हणून मान हलवायचे.

या असल्या घरात चोचले कुठे ठेवायचे, भाऊ? माळ्यावर?

आमच्यासारखे आम्हीच नव्हतो, हे मला फार उशिरा कळलं. स्वमग्न मुलांमध्ये झोपेची तक्रार किती, याचे आकडे वेगवेगळ्या पाहण्यांत 50 ते 80 टक्के असे येतात. तेव्हा हे सांगणारं जवळपास कुणी नव्हतं. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचं नावही नव्हतं, ते 2016 च्या कायद्यात आलं. निदानासाठी आम्ही पोराला रेल्वेने दुसऱ्या शहरात नेत होतो. पास होता म्हणून परवडलं, हे मान्य करते. तिथल्या थेरपिस्टबाईंनी पहिल्या भेटीत मला एक वही घ्यायला लावली. पंधरा दिवस काही बदलू नका, म्हणाल्या, तो खरंच किती वाजता झोपतो आणि किती वाजता उठतो तेवढं लिहा.

वहीत बारा वीस, बारा चाळीस, साडेबारा असले आकडे निघाले. त्यावर त्या म्हणाल्या, मग त्याला साडेबारालाच झोपवा. मला वाटलं बाई थट्टा करतायत. सासूबाईंनी तर अशा बाईंकडे आम्हाला पाठवलंच कसं म्हणून यजमानांना झापलं. पण त्यामागचं गणित साधं होतं. नऊपासून साडेबारापर्यंत अंथरुणात पडून पोर एकच गोष्ट शिकत होतं, की अंथरूण ही जागं राहण्याची जागा आहे. म्हणून झोप आली की मगच आडवं करायचं. पडल्या पडल्या लागायला लागली की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. चारपाच रात्री तशाच नीट गेल्या की आणखी पंधरा मिनिटं. रात्र कशीही गेली तरी सकाळी साडेसहाला उठवायचं, रविवारीसुद्धा. आणि दुपारी झोपू द्यायचं नाही.

शेवटची अट सगळ्यात महाग पडली. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार अख्खा खान्देश आडवा असतो. त्या वेळात एकट्या पोराला जागं ठेवायचं म्हणजे मलाही जागं राहणं आलं. बादलीत पाणी, पाण्यात पेले, पेल्यातून पेल्यात पाणी. चारपर्यंत.

साडेबारावरून दहावर यायला आम्हाला अडीच महिने लागले. मध्ये श्रावणात कानबाई आली, आमच्या खान्देशातला देवीचा सण. जागरण, गाणी, रोटांची गडबड, त्यात चार रात्री वाहून गेल्या आणि आम्ही पुन्हा साडेअकरावर. पुन्हा वही काढली.

आता तुमच्या 'वेगळ्या खोली'कडे येते. वेगळी खोली नव्हतीच. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात त्याची खाट होती आणि सासूबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तिला आडोसा. ती झाली खोली. अंधार हवा कशाला? मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, सुटतं ते अंधार पडल्यावर, आणि डोळ्यांवर उजेड राहिला की ते दबून राहतं. हे तुमच्या-माझ्यातही होतं, मोबाइल बघत पडलेल्या कुणालाही विचारा. म्हणून दीर पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून ओट्यापाशी बसून शिकले. टीव्ही नऊला बंद व्हायचा, यावर सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शांततेचं तर त्याहून वेगळंच निघालं. यार्डातल्या इंजिनाच्या भोंग्याने तो कधी उठला नाही. मालगाडी खिडक्या थरथरवत गेली तरी हलायचा नाही. पण रात्री कूलर बंद पडला की दुसऱ्या मिनिटाला टक्क जागा. आवाज गेला म्हणून. भारनियमनाचे दिवस होते. दीपनगरचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि आमच्याकडे रात्री अंधार, हा विनोद तेव्हा रोज व्हायचा. मग उन्हाळाभर आम्ही सासरच्या गावी, यावलकडे जाऊन राहिलो. तिथे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायचं. ओळीने सात अंथरुणं, त्याचं कायम कठड्याच्या बाजूचं शेवटून दुसरं, शेवटी मी. कूलरच नाही, तर बंद काय पडणार? पोर त्या धाब्यावर जितकं झोपलं तितकं त्या वर्षी कुठे झोपलं नाही.

आणि क्रम. हातपाय धुणं, दात, आजीने तळपायाला काशाची वाटी घासणं, पाण्याचा घोट, लुगड्याचा पडदा ओढणं. रोज याच क्रमाने. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पाच चित्रं काढून ओळीने चिकटवली होती. एक झालं की तो स्वतः ते चित्र उलटं करायचा. ज्या मुलाला 'आता झोप' हे शब्द पोचत नाहीत, त्याला पाचवं चित्र उलटं झालं की कळतं. याला किती खर्च आला ते सांगू? डिंकाची बाटली.

हे सगळं लेखात होतं, भाऊ. तुम्ही 'खोली' वाचलंत आणि थांबलात. सहा माणसांच्या खोलीत काय करायचं हा प्रश्न चांगला आहे, तो विचारणारा माणूस जागलेला असतो हेही मला कळतं. पण 'बायकांचे चोचले' हे जागलेला माणूस लिहीत नाही. तुमच्या घरी असं मूल असेल तर माफी मागते. तुम्ही तसं कुठे लिहिलेलं मात्र नाही.

तिसरा मुद्दा. एक ओळ कमी होती, मान्य. थोडं वाढवते: मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, फिट येत असेल, पोट साफ होत नसेल, छातीत जळजळ असेल, पाय सारखे झाडत असेल, तर चित्रं चिकटवत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. पाय झाडण्यामागे कधी शरीरातलं लोह कमी असतं, ते फेरिटिनच्या तपासणीत कळतं. औषधाबद्दल तुम्ही खोदून विचारलंत. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये याबद्दल मार्गदर्शन दिलं आहे. आधी दुसरे आजार आणि चालू औषधं तपासा, मग सवयी बदला, त्याने भागलं नाही तर मेलाटोनिन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि कमी मात्रेपासून. किती मिलिग्रॅम, कुठली कंपनी, ऑनलाइन मागवू का, हे मला विचारू नका. इतर कुणीही विचारू नका. त्या प्रतिक्रिया मी काढून टाकते आणि टाकत राहीन.

चौथा मुद्दा. मुलगी आजीजवळ झोपायची. तेव्हा ती आठ वर्षांची होती, समजूतदार होती, आणि तिच्याबद्दल काय लिहायचं ते ती आणि मी बघू. ती पाच चित्रं तिनेच काढली होती, हे लेखात राहून गेलं, तेवढं आज घातलं आहे. खाटही आधी तिची होती. याहून जास्त तुम्हाला सांगायची मला गरज वाटत नाही.

लेखात 'शक्य असल्यास वेगळी खोली' तसंच ठेवलं आहे, फक्त कंसात 'किंवा लुगड्याचा आडोसा' असं जोडलं. पुन्हा लिहाल तर जरूर लिहा, पण 'बाई' नको. खान्देशातले आहात, ताई म्हणायला तुम्हाला जड जाऊ नये.