डिक्शनरी क्लिअर केली म्हणून फाइल बंद होत नाही

खानापूरच्या माझ्या भाच्याने परवा रात्री एक फॉरवर्ड पाठवला. खाली विचारलं होतं, "मामा, हे खरं आहे की नाही?" मजकूर असा: सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिस्ट किंवा डिक्शनरी (नावाने वस्तू ठेवायचा संग्रह) क्लिअर, म्हणजे रिकामी, केली की आतल्या वस्तू आपोआप डिस्पोज होतात, म्हणजे बंद होऊन धरलेली फाइल वगैरे सोडतात; राहिल्याच तर नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर डिस्पोज करतो, एकेका घटकावरून फिरणारा फॉरईच लूप तर करतोच, आणि वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या एचटीटीपीक्लायंटला डिस्पोज लागतच नाही.

पहिल्या वाक्यानेच घात केलाय. भाचा उद्यमबागेतल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर बघतो. प्रत्येक मशीनच्या नोंदींसाठी एक स्ट्रीमरायटर (फाइलीत मजकूर लिहिणारी वस्तू), सगळे एका डिक्शनरीत, शिफ्ट संपली की क्लिअर. फाइलींच्या शेवटच्या ओळी गायब! पुढच्या शिफ्टला तीच फाइल उघडताना कधी कधी "दुसरी प्रोसेस वापरतेय" असा एरर. पोरगं आठवडाभर डिस्क तपासत बसलं. दोन्हींचं मूळ एकच. क्लिअर फक्त वस्तूंचे संदर्भ सोडतो, वस्तू बंद करत नाही. स्ट्रीमरायटरला फायनलायझर (कलेक्टर वस्तू काढताना चालणारा आवराआवरीचा कोड) नाही, त्यामुळे बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, उरलेला मजकूर फ्लश (पुढे ढकलणं) किंवा डिस्पोज केल्याशिवाय फाइलीत उतरत नाही. फाइलीचं हँडल, म्हणजे उघड्या फाइलीवरची पकड, मात्र तिच्या स्वतःच्या फायनलायझरमुळे कधीतरी सुटतं, म्हणून तो एरर रोज येत नाही आणि सापडतही नाही.

गार्बेज कलेक्टरचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टचं आयडिस्पोजेबलचं (ज्यातून वस्तूला डिस्पोज मिळतं त्या इंटरफेसचं) पान वाचा. कलेक्शन कधी होईल हे सांगता येत नाही, आणि उघड्या फाइली, स्ट्रीम यांची कलेक्टरला माहितीच नसते, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. क्लासला फायनलायझर असेल तर तो चालतो. डिस्पोज कलेक्टर स्वतःहून बोलावत नाही.

फॉरईच डिस्पोज करतो तो घटक एकेक करून देणारा एन्युमरेटर, आतले घटक नव्हेत.

एचटीटीपीक्लायंटचं अर्धं खरं आहे, मानतो. दर विनंतीला नवा बनवून डिस्पोज केला तर सॉकेट (नेटवर्क जोडणीची टोकं) टाइम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यानंतरच्या थांब्यात, अडकून संपू शकतात. तिथे एकच क्लायंट शेवटपर्यंत वापरायचा. पण शिफ्टगणिक बदलणाऱ्या फाइलीला तो नियम कसा लागेल?

क्लिअरच्या आधी एकेकाला डिस्पोज करा, तेही वेगवेगळ्या ट्रायमध्ये (एरर झेलणाऱ्या ब्लॉकमध्ये). नाहीतर एकाने एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकलं तर बाकीचे उघडेच राहतात. डिक्शनरीतल्या त्याच कीवर (नावावर) नवा रायटर ठेवण्याआधी जुना बंद करा. वस्तू दुसऱ्याच कोडने बनवून नुसत्या वापरायला दिल्या असतील, तर मात्र हात लावू नका.

भाच्याने काल एवढंच बदललं. आज सकाळी रात्रपाळीच्या फाइली शेवटच्या ओळीपर्यंत भरलेल्या होत्या.