फौजीच्या पोरीची सीट घालवायची खात्रीशीर रीत

माजी सैनिकांनो, बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले, आणि ‘आपल्याला काय, डिफेन्स कोटा आहे की’ असं भावकीत सांगूनही झालं. अभिनंदन. आता हा कोटा हातातोंडाशी आलेला असताना घालवायचा कसा, ते शिकून घ्या. फार कष्ट पडणार नाहीत. हातभार लावायला सगळी यंत्रणा तत्पर आहे.

सुरुवात गणितापासून. इंजिनीअरिंगला सैनिकांच्या मुलांसाठी पाच टक्के जागा, म्हणजे ३०० जागांच्या कॉलेजात १५, हे पाठ करा आणि नियमांतली पुढची ओळ वाचू नका. तिथे ‘एका संस्थेत जास्तीत जास्त ५’ असं छापलेलं आहे. त्या पाचही शाखांत आणि प्रवर्गांत वाटल्या जातात. गेल्या वर्षीच्या कटऑफ यादीत डीईएफने सुरू होणारे कोड शोधले, की कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेला सीट पडली होती ते दिसतं. म्हणून ती यादी उघडायचीच नाही.

कोटा कुणाला, हेही विचारू नका. मेहुणा बीएसएफमध्ये, साडू एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्यात, क्लार्क, शेजारी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात: सगळ्यांना ‘डिफेन्स भरा’ म्हणून सांगा. भूदल, नौदल, हवाई दल एवढेच धरतात, आणि त्यांतलेही नागरी कर्मचारी धरत नाहीत, हे त्यांना कागद तपासणीच्या दिवशी कळेलच.

अर्जात डेफ-वन, टू, थ्री असे तीन प्रकार असतात, त्यांतल्या आवडेल त्यावर टिक करा. निवृत्त आणि महाराष्ट्राचा अधिवासी असेल तर वन, नोकरीत आणि अधिवासी असेल तर टू, परराज्यातला पण बदलीवर इथे आलेला असेल तर थ्री. इतकं सोपं आहे म्हणूनच मागच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी आलेला सुभेदार सवयीने टू भरतो आणि प्रोफॉर्मा-सी वर, म्हणजे सैनिकी सेवेच्या दाखल्यावर, युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची सही घेऊन येतो. आता सही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची लागते. युनिट राहिलं पठाणकोटला.

मूळ कागद गावीच ठेवा.

अधिवासाचा दाखला मुलीचा काढलेला असतो. वडिलांचाही लागतो, हे घरात कुणाच्या डोक्यात नसतं. तेव्हा सेतूवर जा. तिथे ‘काका, इथे सलग राहिल्याचा पुरावा?’ असं विचारतील. तवांग, पोखरण, बारामुल्ला आणि पुन्हा तवांग हा आपला सलग मुक्काम शांतपणे सांगा. वीजबिल आईच्या नावावर, घर भावाच्या. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची नोंद, सातबारा आणि फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकातला गावचा पत्ता असं सगळं एका पिशवीत नेलं तर काम होण्याचा धोका आहे. एका खेपेला एकच कागद न्यावा.

आणि आता रामबाण उपाय: स्वतःचं नाव. परवाच एका अर्जावर शेरा पडला, ‘वडिलांचे नाव जुळत नाही.’ नाव ज्ञानदेव. धाव, उंची, छाती सगळं पास करून अठरा वर्षांचा पोरगा भरतीच्या टेबलापुढे उभा राहिला, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर देवनागरीत स्वच्छ ‘ज्ञ’ होता. टेबलावरच्या हिंदी मुलखातल्या बाबूने तो आपल्या उच्चाराने वाचला आणि इंग्रजीत लिहिलं जी-वाय. झालं. डिस्चार्ज बुकात जी-वाय, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, जी-वाय, माजी सैनिकाच्या ओळखपत्रावर जी-वाय. इकडे मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर डी-एन-वाय, आधारवर डी-एन-वाय. वर फौजेत नुसतं नाव-आडनाव, वडिलांचं नाव मध्ये नाहीच. प्रोफॉर्मा-सी वरचं नाव डिस्चार्ज बुकातून उतरवतात, म्हणजे तिथेही जी-वाय. तपासणी केंद्राच्या हिशेबी आता दोन माणसं झाली. एक लढला, दुसऱ्याला मुलगी आहे.

दुरुस्ती करता येते हो, कोण नाही म्हणतं! प्रतिज्ञापत्र करा, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, राजपत्रात नाव छापून आणा, मग सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्याने नाशिकरोडला, महार रेजिमेंटने थेट मध्य प्रदेशात सागरला. तिथे पार्ट-टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीतल्या बदलाचा आदेश, निघते, त्यानंतर प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून पीपीओची दुरुस्ती. याला महिने लागतात. कॅपची, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांची, मुदत दिवसांची. ती संपली की डिफेन्सचा शिक्का पुसून पोरगी इतरांच्या रांगेत. बाबूची चूक बाबूने केली, बाबूने जपली, बाबूनेच पकडली, आणि दंड भरला त्या पोरीने. अरे, याच जी-वायच्या नावावर सतरा वर्षं पगार निघाला, पेन्शन निघते, कॅन्टीनचं कार्ड चालतं. तिथे कुणाला दुसरा माणूस दिसला नाही!

असो. सल्ले राहिलेत.

नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपलेलंच जोडा.

कागद शेवटच्या रात्री अकराला अपलोड करा, सर्व्हरला एकटं वाटतं.

पहिला पर्याय चुलतभावाला विचारून भरा. २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात, हे चुलतभावालाही माहीत नसतं.

पुरे झाला उपरोध. फौजींनो, पोरगी आठवीत असतानाच पेटीतून डिस्चार्ज बुक काढा, आधार कार्डाशेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात अर्ज टाका. पंचेचाळीस किलोचं ओझं घेऊन डोंगर चढलात, हा कागद चार वर्षं उचलवत नाही? निकालानंतर कचेरीच्या दारात उभं राहून ‘आम्ही देशासाठी…’ असं सुरू करू नका. आठवीतच उचलला असता तर ही वेळ आली नसती.

आणि तपासणीच्या टेबलामागचे तुम्ही. पंधरा ऑगस्टला याच माणसाला शाल-नारळ देताना स्पेलिंग विचारलं होतंत? तुमच्या पुढ्यात डिस्चार्ज बुक पडलंय. पान उलटा. त्यात बायकोचं नाव आहे, मुलीचं नाव आहे, तिची जन्मतारीख आहे, सैनिक क्रमांक आहे. चारही गोष्टी जुळतात, अडलंय एका जोडाक्षरावर. एका केंद्रावर साधं प्रतिज्ञापत्र चालतं, दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर राजपत्र मागतात, तिसऱ्यावर ‘साहेब जेवायला गेलेत.’ नियम एकच आहे ना? मग काय चालेल आणि काय नाही, ते एका कागदावर लिहा, खाली सही करा आणि दारावर चिकटवा. आजच.