किती पाणी उचलतंय?

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर पार खाली, भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरात छापलेलं असतं : किमान ६५० वॅटचा पॉवर सप्लाय (दुकानाच्या भाषेत एसएमपीएस) लागेल. पैसे घेताना हे कुणी वाचून दाखवत नाही. पैसे घेऊन झाले की मात्र काउंटरवरचा पोरगा अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारतो, "काका, एसएमपीएस कितीचा हाय तुमचा?"

"४५०."

"हॅ!"

ही 'हॅ' मला परवापासून टोचतेय. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं दुकान, संध्याकाळची गर्दी, माझं कॅबिनेट काउंटरवर उघडं पडलेलं, आत सगळ्या लग्नसराईची धूळ. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, चैन म्हणून कार्ड घेतलेलं नाही. पण 'हॅ' ऐकल्यावर कोण विचारतंय.

कार्ड २५० वॅटचं. त्याला नवं सोळा पिनांचं तोंड. खोक्यात जोडवायर दिलेली, तिला मागे आठ पिनांच्या दोन वायरी हव्यात आणि माझ्या एसएमपीएसमधून निघते एकच. शेजारी प्रोसेसरची आठ पिनांची वायर असते, पण तिचं प्लस-मायनस उलटं, ती इथं चालत नाही.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर दुरुस्तीला घेऊन आलेले एक टोपीवाले मामा स्टुलावर बसून चहा पीत हे सगळं बघत होते.

"कितीच्या एचपीचं हाय?" त्यांनी कार्डाकडं बोट दाखवलं.

"मामा, ते वॅटमध्ये असतं."

"मग एचपी काय आभाळातनं येतंय? ७४६ वॅटला एक एचपी."

मी गप्प हिशेब केला. "एक तृतीयांश भरेल."

"आणि पाणी किती उचलतंय?"

पोरगा खदखदून हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी किंमत विचारली, ऐकली, आणि कप हळूच खाली ठेवला. "एवढ्यात पाचची सबमर्सिबल. वर पाईप."

आता पोराला दुकानाची अब्रू वाचवायची होती. "मामा, हे बारकं हाय. २०२५ ला आलेलं आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅट खातंय. त्याला कंपनीच हजारचा सप्लाय सांगती."

"पाऊण एचपी. मग जरा बोलायचं काम," मामा म्हणाले आणि त्यांनी ती जोडवायर उचलली. चष्मा कपाळावर सरकवून वायरीचं तोंड डोळ्याजवळ नेलं. "आणि ते पण ह्यातनंच जातंय?"

"व्हय. ६०० पर्यंत चालतंय."

"कितीच्या व्होल्टवर?"

"बाराच्या."

मामांची बोटं हवेत हलली. "पन्नास अँपिअर! आरं, माझी पाचची मोटर फेजला सात-आठ अँपिअर घेती, तर तिची केबल अंगठ्याएवढी हाय. हितं ह्या दाभणातनं पन्नास?"

"सहा पिनांत वाटून जातंय मामा. पिनेला आठ-सव्वाआठ."

"आणि त्यातली एक ढिली बसली तर?"

पोरगा प्रिंटरकडं बघायला लागला.

मामांना माहीत नव्हतं, पण नेमकं हेच झालं होतं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या तोंडांचे फोटो जगभर फिरले. जाळ अन् धूर संगटच! मग २०२३ मध्ये सुधारणा केली : कार्डाला इशारा देणाऱ्या चार बारक्या सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे तोंड पूर्ण आत बसलं नाही तर कार्ड चालूच होऊ नये. बरं केलं. पण जुनं आठ पिनांचं तोंड अधिकृतपणे १५० वॅटचं होतं, वर भरपूर माया राखून. आता त्याहून लहान जागेत चौपट कोंबायचं आणि सल्ला काय, तर 'नीट दाबून बसवा'. एवढ्या महागाची वस्तू जळू नये ही जबाबदारी गिऱ्हाइकाच्या अंगठ्याची! तो अंगठा चुकला की वॉरंटीवाले काय म्हणतील ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मी हे सगळं मामांना ऐकवलं. वाटलं, माणूस आपल्या बाजूचा आहे.

"ते ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "ह्या खोक्याला लाईट दिवसा मिळती न्हवं? आमच्या उसाला रात्री मिळती. थंडीत बारा वाजता बॅटरी घिऊन पाणी पाजाय जातोय आम्ही."

यावर काय बोलणार? मी मुकाट ७५० चा एसएमपीएस घेतला.

तो बसवल्यावर कॅबिनेटची काच लागेना. वायर तोंडाजवळ वाकवायची नाही, आणि न वाकवता काच बसत नाही. "काटकोनातली वायर येती, पुण्यासनं मागवाय लागंल," पोरगा म्हणाला आणि आकडा सांगितला.

"त्च," मामा म्हणाले. "तेवढ्यात स्टार्टर येतोय."