हळदीचं दूध गोळीच्या जागी नको

‘हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातले जिवाणू सुधारतं, त्यामुळे नैराश्याच्या गोळ्यांची गरज उरत नाही’ हे तुमच्या हळदीवरच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. जिवाणूंचं एक वेळ समजू शकते. कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, बरंचसं आतड्यातच राहतं आणि तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात. पण गोळ्यांची गरज नाही? हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम. नैराश्यावरच्या चाचण्यांत रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम अर्क दिला होता, तोही बऱ्याचदा गोळ्यांच्या जोडीला.

माझ्या धाकट्या बहिणीने असंच काहीतरी वाचून एसिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी एकदम बंद केली आणि रात्री मिरपूड घातलेलं हळदीचं दूध सुरू केलं. चौथ्या दिवशी ओट्याला घट्ट धरून उभी होती. मान वळवली की डोक्यात शॉक बसल्यासारखं होतंय, म्हणाली. गोळी एकदम सोडल्याचा हा त्रास. डॉक्टरांनी ती परत सुरू केली आणि पुढे काही महिन्यांनी टप्प्याटप्प्याने कमी केली. दूध ती आजही पिते, त्याला डॉक्टरांची ना नव्हतीच. लेखात निदान एवढी ओळ घाला: गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.