घडामोडी पुस्तकात, कापूस घरात

हिवाळ्यात रविवारी माझ्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा दोंडाईचाला साडेबारा झालेले असतात. भाची अभ्यासिकेच्या जिन्यात येऊन व्हिडिओ कॉल लावते, कारण आत बोलायला बंदी. तिच्या हातात स्पर्धा परीक्षेसाठीची चालू घडामोडींची मासिक पुस्तिका, माझ्या हातात चहा. ती पान कॅमेऱ्यासमोर धरते, मी प्रश्न वाचतो, ती उत्तर देते. गेलं दीड वर्ष हा नेम चुकलेला नाही.

मराठीला अभिजात दर्जा कधी? ३ ऑक्टोबर २०२४. सोबत पाली, प्राकृत, आसामी, बंगाली. एकत्र निवडणुकांचं विधेयक? एकशे एकोणतिसावं घटनादुरुस्ती विधेयक, १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं, मग संयुक्त समितीकडे. पेपरफुटीविरुद्धचा केंद्राचा कायदा? २०२४ चा, तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, संघटित गुन्हा असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी. हे सगळं एका दमात. मी मध्येच एखादं नाव विसरलो की जिन्यातून आवाज येतो, "मामा, तुले एवढंबी माहीत नही?"

नाही माहीत. एकेकाळी होतं. मेकॅनिकलचं शिकून मी चार वर्षं याच वाटेवर घालवली. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत कटऑफच्या खाली राहिलो. मग नाशिकला एका कारखान्यात लागलो आणि तिथून दक्षिण जर्मनीतल्या एका लहान शहरात गिअर तपासायच्या कामावर आलो. आठ वर्षं झाली.

त्या चार वर्षांतली एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं, हा प्रश्न खान्देशातल्या कुठल्याही पोराला येतो: टेंभली, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. आमच्याकडून तापी ओलांडली की शहादा तालुका लागतो. गावातली निम्मी पोरं हेलिकॉप्टर बघायला गेली. मी गेलो नाही, कारण परीक्षा जवळ आली होती. पुढच्या महिन्याच्या पुस्तिकेत ती ओळ छापून आली आणि मी पाठ केली. घडामोड नदीपलीकडे घडत होती आणि मी ती छापून यायची वाट बघत बसलो होतो.

इथल्या मराठी मंडळींत स्पर्धा परीक्षेचा विषय निघाला की बहुतेकांचं मत ठरलेलं असतं. पोरं पाच-पाच वर्षं वाया घालवतात, सरकारी नोकरीचा हव्यास सुटत नाही, काहीतरी कौशल्य शिका, धंदा करा. मोदक खाताखाता हे ऐकायला बरं वाटतं. मला ते पटत नाही, आणि मी स्वतः वाया गेलेल्यांतला असूनही पटत नाही. धुळे-नंदुरबारच्या मुलाला वशिला न लावता, कुणाच्या ओळखीची चिठ्ठी न नेता ज्या दारावर उभं राहता येतं, अशी दारं मोजकीच आहेत. तलाठी, पोलीस, कर निरीक्षक, उपजिल्हाधिकारी. जागा थोड्या असतात, जाहिरात उशिरा येते, कधी पूर येतो, कधी तारीख पुढे जाते (२०२५ ची राज्यसेवा पूर्व अशीच सप्टेंबरातून ९ नोव्हेंबरवर गेली), पण दार तरी दिसतं.

मुलींचं गणित तर आणखी वेगळं आहे आणि ते परदेशातल्या कुठल्याच काकांना कळत नाही. माझ्या भाचीला बी.एस्सी. झाल्यापासून स्थळं येतात. "अजून अभ्यास चालू शे तिचा," असं बहीण सांगते आणि पाहुणे चहा पिऊन निघून जातात. अभ्यासिकेची महिन्याची फी भरून तिने टेबल आणि ट्यूबलाइट मिळवली आहे, हे खरं. पण त्यांच्यासोबत तिने दोन-तीन वर्षंही मिळवली आहेत, जी दुसऱ्या कुठल्याच कारणावर मिळाली नसती. त्यांना वाया म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं.

माझी तक्रार परीक्षेबद्दल नाही. ती परीक्षा देश शिकवते कसा, याबद्दल आहे. आणि ती नीट उमजायला मला इथे एक परीक्षा बघावी लागली.

जर्मन नागरिकत्वासाठी एक चाचणी असते. तेहतीस प्रश्न, एक तास, सतरा बरोबर आले की पास, फी पंचवीस युरो. सगळी प्रश्नपेढी सरकारनेच जाहीर करून ठेवलेली: तीनशे सामाईक प्रश्न आणि तुमच्या राज्याचे दहा. पर्याय चार, उत्तर एक, म्हणजे आपल्यासारखंच. मला नागरिकत्व अजून घ्यायचं नाही. जर्मनीने २०२४ पासून दोन पासपोर्टांना मुभा दिली असली तरी भारत देत नाही, आणि निळा पासपोर्ट परत करायचा म्हटलं की हात थांबतो. पण जुनी खोड, म्हणून प्रश्नपेढी उघडली. पहिलाच प्रश्न असा होता: जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघड बोलू शकतात, कारण... आणि उत्तर, कारण इथे मतस्वातंत्र्य आहे.

प्रश्न सोपा आहे, बाळबोध म्हणा हवं तर. पण तो वाचून मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. आपल्या राज्यघटनेतलं मतस्वातंत्र्याचं कलम १९ मला तोंडपाठ होतं. एक ते सहा, उपकलमांसकट. ते कशासाठी आहे, असं मला चार वर्षांत कुठल्या प्रश्नपत्रिकेने विचारलं नव्हतं.

म्हणून इथले लोक फार जाणते आहेत असं नाही. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला त्यांच्या संसदेत किती सभासद असतात हे सांगता येत नाही. मला येतं, ६३०, सवयीचा गुण. पण शहराने आमच्या बसचा मार्ग बदलायचं ठरवलं तेव्हा हाच माणूस नगरपरिषदेच्या बैठकीत जाऊन मागच्या खुर्चीवर बसला आणि प्रश्न विचारून आला. त्याला सरकार माहीत नाही, पण सरकारशी बोलता येतं. माझ्या भाचीला सरकार पाठ आहे आणि रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करायला ती मधला माणूस शोधते. दोघांची अदलाबदल केली तर एक चांगला नागरिक तयार होईल.

इथल्या सरकारी कार्यालयाचं कौतुकही मला करायचं नाही. माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड नूतनीकरणाला टाकलं तेव्हा ते अकरा महिन्यांनी हातात आलं, आणि मधल्या काळात मेलला उत्तर आलं ते एकदाच. तहसीलची आठवण यावी इतकं घरगुती वाटलं.

आता महाराष्ट्रातल्या वादाकडे येतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा पर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक करायची, हे राज्य लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, आणि निर्णय २०२५ पासून लागू करायचं ठरलं. तो आता लागू झाला आहे. लेखीचे १७५० गुण, मुलाखतीचे २७५. वाद मिटला असं वरवर दिसतं, पण अभ्यासिकांच्या जिन्यांत तो अजून चालू आहे, आणि आमच्या रविवारच्या कॉलवरही.

मी वर्णनात्मकच्या बाजूने आहे. का, ते एका रविवारी घडलं त्यावरून सांगतो.

पुस्तिकेत ओळ होती: कापसावरील आयात शुल्क किती टक्के माफ? ती म्हणाली, अकरा. १९ ऑगस्ट २०२५ पासून, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. २०२५-२६ चा हमीभाव? मध्यम धागा ७,७१०, लांब धागा ८,११० रुपये क्विंटल. सगळं बरोबर. मग मी पुस्तिकेबाहेरचा प्रश्न विचारला: तुमच्या पुढच्या खोलीत काय आहे? ती हसली. पुढच्या खोलीत कापूस आहे. दाजींनी खेडा खरेदीवाल्याला दिला नाही, भाव पडला म्हणून. गेल्या कॉलवर ती घरून बोलत होती तेव्हा मागे छताला टेकलेला ढीग मला दिसला होता, आणि तिच्या ओढणीला चिकटलेली सरकीसुद्धा.

मग तिला म्हटलं, आता जोड. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावायचं जाहीर केलं, कापड निर्यात करणाऱ्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली, त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने आयात शुल्क काढलं, आणि ऐन वेचणीच्या तोंडावर बाहेरचा कापूस बिनशुल्क आत येऊ लागला. गिरणीवाल्याचं म्हणणं खोटं नाही. दाजींचंही नाही. दोघांत सरकारने काय करायला हवं होतं? ती गप्प झाली. जिन्यातून कुणीतरी चप्पल वाजवत खाली गेलं. मग म्हणाली, "असा प्रश्न येतच नाही, मामा."

येतच नव्हता. आता येऊ शकतो. चार पर्यायांत दाजींचा ढीग बसत नाही. उद्या ही मुलगी कुठे तहसीलदार झाली, तर तिच्यासमोर येणारा माणूस ११ टक्के की १२ टक्के असं विचारायला येणार नाही.

पण तिची बाजूही सांगायला हवी, कारण ती माझ्यापेक्षा जास्त खोलात गेली आहे. पर्यायी प्रश्नांत उत्तरतालिका येते, ती म्हणते. चूक असेल तर हरकत घेता येते. माझे किती आले हे मी घरी बसून मोजू शकते. तिथेही घोळ होतात, हे तिला मान्य आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत गुणांचं सामान्यीकरण करताना, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतले गुण एका मापात आणताना, कुणाला २०० पैकी २१४ पडले, त्यावर ती अजून हसते. पण निबंधाला मला पाचच का दिले, हे मी कुणाला विचारू? पुण्यातली मुलं पैसे भरून टेस्ट सिरीज लावतात, उत्तरं तपासून घेतात. दोंडाईचाला माझं उत्तर कोण तपासणार? तपासणारा शहरी भाषेला भुलला तर?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मला माझाच प्रसंग आठवला. दोन वर्षांपूर्वी मी इथे तंत्रज्ञाची एक पुढची परीक्षा दिली आणि एका विषयात नापास झालो. तपासलेला पेपर बघायचा अर्ज केला. एका खोलीत बसवलं, पेन बाहेर ठेवायला लावला, समोर एक बाई स्वेटर विणत बसल्या. अर्धा तास माझा पेपर माझ्यासमोर होता. समासात लाल शाईने लिहिलेलं: एकक चुकलं, इथपर्यंत बरोबर, पुढची पायरी नाही. गुण काही वाढले नाहीत. पण बाहेर पडताना मला माझा राग कुणावर काढायचा ते नेमकं ठाऊक होतं: माझ्यावर.

आपल्याकडे हा हक्क अगदीच नाही असंही नाही. १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झालेला माहिती अधिकार कायदा भाचीला कलमांसह येतो. त्याच कायद्याखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं. पुढे २०१८ मध्ये यूपीएससीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नागरी सेवा परीक्षेचा तपशील सरसकट देता येणार नाही, असंही सांगितलं. कारणं दिली आहेत, मी ती वाचली आहेत, आणि तरीही मला पटलेली नाहीत. लेखी उत्तर मागायचं तर तपासलेला पेपर शेऱ्यासकट परत द्यायला हवा; अर्ज न करता, निकालासोबत. खर्च येईल, वेळ जाईल, वाद होतील. होऊ देत. वर्णनात्मक हवं की नको यावर मुलं रस्त्यावर बसली, तशी यासाठी बसली असती तर मी इथून टाळ्या वाजवल्या असत्या. इथून एवढंच करता येतं. माझं नाव गावच्या मतदार यादीत आहे, पण परदेशातल्या मतदाराला मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं, आणि मतदानाच्या दिवशी मी बहुतेक वेळा मशीनसमोर असतो.

मागच्या आठवड्यात मी भाचीला कापसाचाच प्रश्न लिहायला दिला. दीडशे शब्द, दहा गुण. दोन दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. अक्षर सुरेख. शुल्क, निर्यात, गिरण्या, हमीभाव, सगळं जोडलेलं. शेवटी तिने लिहिलं होतं की भारतीय कापूस महामंडळाची खरेदी केंद्रं वाढवावीत आणि शेतकऱ्यांनी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करावी. त्या ओळीखाली वेगळ्या, जाड शाईत दाजींचं वाक्य होतं: "बारा टक्क्यांच्या वर ओलावा निंघना का परत पाठवतस, ते पन लिख."

मी पान दोनदा वाचलं. दहापैकी सात लिहून पाठवले.

तिचा मेसेज लगेच आला. "तीन कशाचे कापले?"